आमच्या झिम्मा-फुगडीच्या पथकाचा हिशेब

भाकरी थापताना ऐकत असाल तर थापत राहा. आकडे आले की मात्र जरा हात थांबवा, कारण आज आम्ही गाणी म्हणायला नाही, हिशेब सांगायला आलोय.

झालं असं, की शेजारच्या गावातल्या एका गटाच्या बायका आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुम्हाला सुपाऱ्या मिळतात, पेपरात फोटो येतात, भरपूर सुटत असतील. आम्हीपण पथक काढू म्हणतोय, साड्यांसाठी गटातून कर्ज घेऊ का?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. कारण दोन वर्षांपूर्वी आमचंही तेच मत होतं, की आपल्याला चांगले पैसे सुटतात. किती सुटतात ते मात्र एकीलाही सांगता येत नव्हतं.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. दुष्काळी पट्टा. पंचमीला आणि गौरीला देवळापुढं फेर धरायचा, रात्र जागवायची, ही आमच्या आज्यांपासूनची रीत. झिम्मा, फुगडी, बसफुगडी, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं, घागर घुमवणं. याला कुणी कला म्हणत नव्हतं, सण म्हणत होते. मग तालुक्याच्या एका मेळाव्यात आम्ही सहज फेर धरला, कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं, आणि शहरातून बोलावणी यायला लागली. तिकडं आता श्रावणात मंगळागौर हॉल घेऊन करतात, आणि खेळ करून दाखवायला पथक बोलावतात. सातारा, कराड, फलटण, एकदा पुणं. आम्ही चौदाजणी. आठजणी एका बचत गटातल्या, सहाजणी दुसऱ्या.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. पथकाचं स्वतःचं खातंच नव्हतं. जे पैसे येत ते आठजणींच्या गटाच्या खात्यावर जात, कारण ते खातं आयतं होतं. काही रोख पैसे एका वहिनींच्या डब्यात असत. वहिनी सोन्यासारखी बाई, एक रुपया इकडचा तिकडं करणार नाही, पण हिशेब सगळा त्यांच्या डोक्यात. त्या माहेरी गेल्या की हिशेबही माहेरी जायचा.

दिवाळीच्या आधीच्या बैठकीत दुसऱ्या गटातल्या एका आक्कांनी विचारलं, "आपली शिल्लक किती झाली?" सरळ प्रश्न होता. पण विचारल्यावर बैठकीत अशी शांतता पसरली की आक्कांनाच वाटलं आपलं काही चुकलं. त्या सहाजणींचा घाम ज्या खात्यात पडला होता, त्या खात्यावर त्यांची सही चालत नव्हती, पासबुक त्यांनी बघितलेलं नव्हतं. त्यातच त्या गटाचं बँकेचं कर्जप्रकरण निघालं. तपासणीला आलेल्यांनी पासबुक बघून विचारलं, "हे अकरा हजार कसले? बचत तर महिन्याची ठरलेली आहे. आणि लगेच साडेआठ हजार काढले ते कुणाला कर्ज दिलंय?" कर्जाच्या वहीत त्याची नोंद नव्हती, कारण ते कर्ज नव्हतंच, गाडीवाल्याचं आणि साड्यांचं बिल होतं. प्रकरण दोन महिने लांबलं. ज्या आठजणींच्या खात्याने पथकाला आधार दिला त्यांचंच शेळीपालनाचं कर्ज अडकलं. दोन्ही गटांत बोलाचाली झाली. फेरात हात धरणाऱ्या बायका पाणवठ्यावर तोंड फिरवायला लागल्या.

दुसरा घोळ याहून वाईट. एका आयोजकांनी आमच्यातल्या एका ताईंच्या नावाने चेक दिला. ताईंनी विश्वासाने स्वतःच्या खात्यावर भरला. त्यांच्या खात्याला एक थकलेला कर्जाचा हप्ता जोडलेला होता. पैसे जमा झाले आणि हप्त्यापोटी आपोआप वळते झाले. ताईंनी चार महिने मजुरी करून पथकाचे पैसे फेडले. कुणी त्यांना मागितले नव्हते. पण गावात कुजबूज झालीच, आणि ती आम्हाला थांबवता आली नाही. त्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

तेव्हा आम्ही ठरवलं, की एक कार्यक्रम घेऊ आणि त्याची पै न् पै कागदावर मांडू. कराडचा कार्यक्रम घेतला. सुपारी ११,००० रुपये. अकरा हजार म्हटलं की कान टवकारतात ना? आता खर्च ऐका. गाडी, जाऊन-येऊन, ३,५००. ढोलकीवाले दादा १,५००. पेटीवाले १,०००. गजरे, कुंकू-पावडर, पिना ६००. नथ, ठुशी, बोरमाळ भाड्याने, माणशी ५० प्रमाणे ७००. चहा-नाश्ता ८४०. बेरीज ८,१४०. उरले २,८६०. चौदाजणींत वाटले तर प्रत्येकीला दोनशे चार रुपये आणि काही पैसे. "वाईट नाही," असं आम्ही म्हणालो.

मग मावशी बोलल्या. मावशी म्हणजे आमची गाणारी. साठी ओलांडलेली बाई, शाळेची पायरी चढलेली नाही, पण रात्रभर गाणी म्हणेल आणि एकही परत म्हणणार नाही. मावशी म्हणाल्या, "आन् साड्या काय झाडाला लागल्या?"

बरोबर होतं. चौदा शिवलेल्या नऊवारी, १,४५० ला एक, म्हणजे २०,३०० रुपये. नाचाची साडी घामाने आणि ओढाताणीने विटते, तीन वर्षांच्या पुढं स्टेजवर नेसण्यासारखी राहत नाही. वर्षाला आमचे साधारण बारा कार्यक्रम, तीन वर्षांत छत्तीस. म्हणजे दर कार्यक्रमाला ५६४ रुपयांची साडी झिजते. ते पैसे आज कुणी मागत नाही, म्हणून दिसत नाहीत. २,८६० मधून ५६४ गेले, उरले २,२९६.

आणि मग सगळ्यात मोठी रक्कम, जी आम्ही कधी लिहिलीच नव्हती. चौदाजणींतल्या नऊजणी रोजानं कामाला जातात. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांचा रोज बुडतो. ३०० रुपये रोज धरला तर नऊजणींचे २,७०० रुपये. २,२९६ मधून २,७०० वजा करा. होत नाहीत. ४०४ रुपये कमी पडतात. टाळ्या पडल्या, हार घातले, फोटो आला, आणि त्या दिवशी आम्ही चौदाजणी मिळून ४०४ रुपये तोट्यात नाचलो. तोटा कुणी भरला? ज्या नऊजणींना तो सगळ्यात कमी परवडतो त्यांनी.

यावर बैठक तापली. ज्यांच्या घरी पगार येतो त्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "आपण काय तमाशाचा फड आहे का, पैसे वाटून घ्यायला? आपण हौसेने करतो." मावशींनी शांतपणे सांगितलं, "फडातल्या बायाबी पोटासाठीच नाचत्यात वहिनी, त्यांना नावं ठेवू नका. आन् हौस मलाबी हाय. पण त्या दिशी माझं खुरपं घरात पडून ऱ्हातं, त्याचं काय?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं तर चूक त्यांची एकटीची नव्हती. "ना नफा" या शब्दाचा अर्थच आम्ही सगळ्यांनी उलटा घेतला होता.

ना नफा म्हणजे पैसे उरायचेच नाहीत, किंवा बायकांनी फुकट राबायचं, असं नाही. ना नफा म्हणजे उरलेली रक्कम कुणी नफा म्हणून वाटून घ्यायची नाही, ती त्याच कामात परत घालायची. पण नाचणारीचा मेहनताना हा नफा नाही. ढोलकीवाल्या दादांना देतो तसाच तो खर्च आहे. दादांचे दीड हजार आम्ही न चुकता देत होतो, त्यांच्यापुढं कधी हौसेचा विषय काढला नाही. स्वतःचे मात्र धरतच नव्हतो. बाईचं काम आपणच फुकटात मोजतो, दुसऱ्याला काय बोलायचं!

तेव्हापासूनचा नियम असा. प्रत्येकीला एका कार्यक्रमाचे ३०० रुपये, सही करून. पगारवालीलाही आणि मजुरी करणारीलाही. "मला नकोत" असं म्हणायचं नाही. ज्यांना नको असतील त्यांनी आधी घ्यायचे आणि मग पथकाला देणगी म्हणून द्यायचे, पावती घेऊन. हे आम्ही मुद्दाम केलं. नाहीतर न घेणारी मोठ्या मनाची आणि घेणारी हावरट, असं होतं. वहिनी दरवेळी ३०० घेतात आणि दोन-तीन कार्यक्रमांनी एकदा ५०० ची पावती फाडतात. चालतं.

गाणारीला जास्त द्यावं की नाही, यावर अजून एकमत नाही. आमच्यातल्या निम्म्याजणींना वाटतं द्यावं, कारण मावशींशिवाय कार्यक्रमच नाही. मावशी स्वतः नको म्हणतात. बक्षिसाचं मात्र ठरलं. स्टेजवर कुणी शंभराची, पाचशेची नोट दिली की ती पथकाची, तिथल्या तिथं वहीत लिहायची. साडी-नारळाने ओटी भरली तर ती ज्या बाईची भरली तिची. आधी यावरून फार रुसवेफुगवे व्हायचे.

आता दर. खर्चाचे ८,१४०, चौदाजणींचे ४,२००, साडीसाठी बाजूला ६००. झाले १२,९४०. म्हणून बाहेरगावच्या कार्यक्रमाला १५,००० च्या खाली जायचं नाही असं ठरलं. निम्मे आगाऊ, बाकीचे कार्यक्रम संपल्यावर गाडीत बसायच्या आत. हे सांगताना पहिल्यांदा जीभ अडखळली. दोन सुपाऱ्या गेल्या. एकांनी फोनवर सांगितलं, "अहो ताई, पैशाचं काय घेऊन बसलात, तुमची प्रसिद्धी होईल." आम्ही म्हणालो, "दादा, प्रसिद्धी डिझेलच्या टाकीत ओतता येत नाही." रागावले ते. फुकटचे कार्यक्रम आम्ही करतो, पण वर्षाला दोनच, आणि ते आम्ही निवडायचे: गावची यात्रा आणि शाळेचं स्नेहसंमेलन. तेही वहीत चढतात, कारण मेकअप आणि गजरे तिथंही लागतातच.

अजून एक गोष्ट आहे, जी नवीन पथकांना लवकर कळत नाही. आमची कमाई श्रावण, भाद्रपद आणि नवरात्र एवढ्यातच. पुढं मोसम संपतो. श्रावणात खातं फुगलं की वाटतं आता नवा साउंड घेऊ, सहल काढू. आम्ही असं एकदा केलंय. पुढच्या आषाढात साड्यांचे ब्लाउज उसवून बसले होते आणि शिवायला पैसे नव्हते. आता नवरात्रानंतर शिल्लक मोजून पुढच्या मोसमाच्या तयारीचे पैसे आधी बाजूला ठेवतो, आणि मग बाकीच्या गप्पा.

खात्याचं सांगायचं तर पथकाच्या नावाने वेगळं खातं उघडलं. बँकेने ठराव मागितला, सभासदांची यादी, सह्या करणाऱ्यांची कागदपत्रं आणि पथकाच्या नावाचं पॅन. तीन फेऱ्या झाल्या. सह्या तिघींच्या ठेवल्या, दोन्ही गटांतल्या, आणि पैसे काढायला तिघींतल्या दोघी लागतात. चेक आता पथकाच्याच नावाने घेतो, कुणा ताईंच्या नाही. बचत गटाच्या पैशाला पथकाने हात लावायचा नाही आणि पथकाच्या पैशाला गटाने नाही. पथकाला साड्यांसाठी उसने हवे असतील तर गटाच्या नियमाने, व्याजाने, ठराव करून. पावतीपुस्तक छापून घेतलं. गाडीवाल्याकडून, ढोलकीवाल्याकडून सही घेतो. गाडीवाला पहिल्यांदा म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का?" आम्ही म्हणालो, "तुमच्यावर आहे, आमच्या आठवणीवर नाही." दर महिन्याला वही मोठ्याने वाचायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मध्येच थांबवायचं, असा हक्क आहे. मावशी सगळ्यात जास्त वेळा थांबवतात.

नोंदणी करावी का, हे खूपजणी विचारतात. बचत गटाला नोंदणी लागत नाही, हे आपल्याला माहीत आहे. कलापथकाची संस्था करायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, उद्देश आणि नियमावली लिहावी लागते, आणि आपल्या राज्यात ती धर्मादाय कार्यालयात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदवावी लागते. नोंदणी झाली की दरवर्षीचे हिशेब आले, पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज आला. नोंदणी केली की मोकळं, असं नाही, तिथून काम सुरू होतं. पदाधिकारी बाईला नाचायचे पैसे घेता येतील का, हेसुद्धा नियमावली लिहितानाच जाणकाराला विचारून घ्यावं. आणि नोंदणी नसताना गावोगाव पावती फाडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करू नका, त्याला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी काढतात तीच. आम्ही तीन वर्षांचे स्वच्छ हिशेब झाल्यावर नोंदणीचा विचार करू असं ठरवलंय. नाहीतर नुसता फलक लागतो, आणि आत कागद नसतात.

लोककलेच्या पथकांना सरकारी महोत्सवांतही संधी असते. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय आहे. नागपूरचं दक्षिण मध्य आणि उदयपूरचं पश्चिम क्षेत्र, या दोन्ही सांस्कृतिक केंद्रांत आपला महाराष्ट्र येतो. तिथं अर्ज करायचा तर पथकाची माहिती, फोटो, आधीच्या कार्यक्रमांचे दाखले लागतात. आमच्याकडे पहिल्या वर्षांचे दाखलेच नव्हते.

त्या दाखल्यांची खरी किंमत मात्र आम्हाला मावशींमुळे कळली. राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. दरमहा ५,००० रुपये. वयाची पन्नास वर्षं पूर्ण हवीत, आणि कलेत किमान पंधरा वर्षं काम केल्याचे पुरावे हवेत. मावशी चाळीस वर्षं तरी गात असतील. पण कुठं लिहिलंय? पंचमीच्या फेराची कुणी पावती देत नाही. यात्रेत रात्रभर गायल्या तेव्हा कुणी सन्मानपत्र दिलं नाही. आमची वही दोन वर्षांची. तिच्यात मावशींच्या नावापुढं २३ कार्यक्रमांचा अंगठा आहे. तेवढाच पक्का पुरावा.

आम्ही शोधायला लागलो. शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनाची पत्रिका सापडली, तिच्यात नाव होतं. एका लग्नाच्या अल्बममध्ये मावशी मधोमध फुगडी घालताना दिसतात, मागं मांडवावर तारीख आहे. एका ग्रामपंचायतीने पत्र दिलं. असं करत करत नऊ वर्षांचे कागद जमलेत. अजून सहा हवेत.

म्हणून जाता जाता एक काम सांगतो. खटाव, माण, कोरेगाव या भागातल्या ज्या सख्या ऐकत असाल, त्यांनी घरातली ट्रंक एकदा उघडून बघा. यात्रेची जुनी पत्रिका, नवरात्राचा फोटो, लग्नाची कॅसेट, कशातही हिरव्या नऊवारीतल्या, डाव्या गालावर तीळ असलेल्या, हातात सूप धरलेल्या मावशी दिसल्या, तर या रेडिओ केंद्रात आणून द्या. फोटो परत मिळेल. पुढच्या गुरुवारी दुपारी आम्ही इथंच बसणार आहोत, पावतीपुस्तक घेऊन.